कोणची लाईन गेली?

मी सिमेंटच्या कारखान्यात रुजू झाले आणि महिन्याच्या आत चामोर्शीच्या आठवडी बाजारात बातमी पसरली, की गडचांदूरकडची ती कंपनी बंद होणार. बातमी माझ्या आईनेच पसरवली होती. तिचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. वांगी घेताना कोणीतरी विचारलं, "जोसना काय काम करते वो कंपनीत?" आईने अभिमानाने सांगितलं, "कंपनी बंद कराच्या कामावर हाय."

तसं म्हटलं तर ते खोटंही नव्हतं. मीच तिला सांगितलं होतं, की वीज गेली की कारखान्याचे मोठे कम्प्युटर नीट, रीतसर बंद करायचे, हे माझं मुख्य काम. आईने त्यातले मधले शब्द गाळले. पुढच्या बाजाराच्या दिवशी आमच्या दारात माणसं जमली. त्यात एक काका होते, त्यांच्या मुलाने त्याच कंपनीत अर्ज टाकला होता. ते माझ्या बाबांना फार अदबीने म्हणाले, "भाऊ, पोरीले सांगा, थोडी दमानं बंद कर म्हणा. आमच्या पोराचं तेवढं लागून जाऊ दे."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा राईस मिलमध्ये, आई दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवण्याला. चंद्रपूरला खोली करून मी कम्प्युटरची पदवी घेतली, आणि हे मी सांगते तेव्हा मुद्दाम जरा जोरात सांगते. पण पदवी मिळाली तरी 'बंद करण्याचं काम' म्हणजे काय हे घरच्यांना पटवणं पदवीपेक्षा कठीण गेलं. या दिवाळी अंकाच्या निमित्ताने ते एकदा सगळ्यांनाच सांगून टाकते.

राईस मिल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. चालू मिल एकदम थांबली तर धान मशीनच्या घशात अडकतं. अर्धं सोललेलं, अर्धं तसंच. मग चार माणसं लावून ते उकरून काढायचं. म्हणून आधी वरून धान सोडायचं बंद करतात, पट्टा रिकामा होऊ देतात, आणि मग मोटार बंद. कम्प्युटरचंही तेच. ट्रकचं वजन लिहिणं चालू आहे, पगाराची बेरीज चालू आहे, आणि वीज गेली, तर आकडे घशात अडकतात. म्हणून मोठ्या मशीनला बॅटऱ्या जोडलेल्या असतात. त्याला युपीएस म्हणतात. वीज गेल्यावर तो थोडा वेळ तग धरतो आणि तेवढ्यात एक सॉफ्टवेअर एकेक काम मिटवून, सगळ्यांना क्रमाने झोपवतं. हे झोपवणारं सॉफ्टवेअर माझ्या ताब्यात होतं.

आणि आमच्याकडे त्याला कामाची वाण नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा निघतो, तिथेच वीज तयार होते, ती तारांवरून आमच्या डोक्यावरून लांबच्या शहरांना जाते, आणि आमच्या वाट्याला राख आणि उन्हाळा राहतो. कारखान्याची भट्टी, कँटीन आणि साहेबांचे बंगले कारखान्याच्या स्वतःच्या विजेवर होते. ऑफिसची इमारत, त्यात माझी सर्व्हर रूम, बाहेरच्या लाईनीवर. असं का, ते मला कोणी सांगू शकलं नाही. बांधणाऱ्याला जेवण महत्त्वाचं वाटलं असेल.

दोन हजार आठ-नऊचा सुमार. आमच्याकडे एका मोठ्या मशीनच्या पोटात बरीच छोटी मशीनं चालत. हे लोकांना समजावणं आणखी अवघड, पण आमच्या झाडीपट्टीत त्यालाही सोय आहे. दंडारीच्या खेळात नाही का, एकच गडी आधी राजा होतो, मग शिपाई होतो, मग लुगडं नेसून सासू होऊन येतो. खरं माणूस एक, सोंगं अनेक. तसंच आमचं मशीन एक आणि सोंगं पाच. मी त्यांना गावांची नावं दिली होती. हजेरीचं सोंग भामरागड. ट्रकच्या वजनकाट्याचं चामोर्शी, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आणि नाव ठेवणारी मी. स्टोअरचं एटापल्ली. पत्रव्यवहाराचं कोरपना. आणि हिशोब विभागाचं सिरोंचा, कारण तिकडे गेलेला कागद परत यायला फार वेळ लागे.

ही सोंगं ज्यावर नाचतात त्याला इंग्रजीत प्लॅटफॉर्म म्हणतात. आपण स्टेज म्हणू. जुन्या स्टेजला बाजूला विंग होती, आणि पडदा ओढणारा माणूस, म्हणजे माझं बंद करणारं सॉफ्टवेअर, विंगेत उभं राहायचं. वरून आदेश आला, की जुनं स्टेज मोडीत काढा, नवं घ्या. नव्या स्टेजला विंगच नव्हती. ज्याला आत यायचं त्याने सोंग घेऊनच यायचं. म्हणजे आता पडदा ओढणाऱ्यानेही तोंडाला रंग लावून राजा-शिपायांच्या मधोमध उभं राहायचं, आणि तिथूनच पडदा ओढायचा. नागपूरचा विक्रेता फोनवर म्हणाला, "सोपं आहे मॅडम, अर्ध्या दिवसाचं काम."

त्याच आठवड्यात आमचे घाटे साहेब माझ्या खोलीत येऊन बसले. घाटे साहेब कम्प्युटर विभागाचे प्रमुख, नागपूरचे, स्वभावाने गोड, पण वाईट बातमी सांगताना खिशातून सुपारी काढून कातरत बसायचे. त्या दिवशी त्यांनी बरीच सुपारी कातरली. हैदराबादच्या हेड ऑफिसातून मूर्ती साहेब येणार होते. त्यांचं म्हणणं, जंगलातल्या कारखान्यात सर्व्हर ठेवायचे कशाला, सगळे उचलून हैदराबादला न्या. घाटे साहेबांनी कसंबसं पटवलं होतं, की नवं स्टेज लागू द्या, मग तुम्ही स्वतः येऊन पाहा, वीज गेली तरी आमचं सगळं नीट मिटतं की नाही. मिटलं तर खोली इथेच. नाही मिटलं तर खोलीला कुलूप.

"माझं काय, मले नागपूरले कुठीबी घेतील," घाटे साहेब म्हणाले. "तुमची नोकरी मात्र या खोलीवर हाय."

माझी नेमणूकच 'सर्व्हर रूमसाठी' अशी होती. खोली गेली की मी गेले. आणि आई बाजारात सांगणार, पोरीने शेवटी कंपनी बंद केलीच.

तर मी कामाला लागले. नवं सोंग उभं केलं आणि नाव ठेवलं अहेरी. सुट्टीच्या दिवशी चाचणी ठेवली. माझ्या मदतीला रशीदभाई. रशीदभाई राजुऱ्याचे, घरात तीन पिढ्यांपासून मोटार आणि बॅटरीचं काम. युपीएसच्या बॅटऱ्यांशी ते बकरीशी बोलावं तसं बोलत. त्यांनी मेन स्विच खाली ओढला. युपीएस ओरडायला लागला. मी सर्व्हर रूममध्ये कम्प्युटरच्या पडद्यावर नजर लावून बसले. अहेरीने संदेश दिला, की वीज गेली आहे, आता मी सर्वांना क्रमाने बंद करते. आणि पहिल्यांदा तिने अहेरी बंद केली.

बाकीची सोंगं आपापल्या कामात मग्न. राजा भाषण करतो आहे, सासू भांडते आहे, आणि पडदा ओढणारा घरी जाऊन झोपलेला.

सॉफ्टवेअर एबीसीडीच्या क्रमाने बंद करत होतं. ए फॉर अहेरी. नाव मी हौसेने ठेवलं, अक्षराचा विचार केला नव्हता.

स्विच वर करून रशीदभाई माझ्या खोलीत आले आणि गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, ये तो ऐसा हुआ, बारात रस्त्यातच हाय आणि बँडवाला घरी पोचला."

मी तिथल्या तिथे अहेरीचं नाव बदलून झाडी ठेवलं. झेड. आमचा सगळा मुलूखच झाडी, आणि झेडच्या पुढे इंग्रजांनी काही ठेवलेलं नाही. पुन्हा चाचणी घेतली. भामरागड, चामोर्शी, एटापल्ली, कोरपना, सिरोंचा, सगळे ओळीने झोपले. शेवटी झाडीने मोठ्या मशीनला सांगितलं, आता तूही झोप, आणि ती त्याच्याबरोबरच झोपली. जगभरचे इंजिनिअर यासाठी काय काय उपाय करतात मला माहीत आहे. मी नाव बदललं. आजही मला त्याचा अभिमान आहे.

पण ही सुट्टीच्या दिवसाची चाचणी सोंगांच्या रिकाम्या नकलांवर होती. खरी सोंगं जुन्या स्टेजवरच होती, ती एकेक करून नव्या स्टेजवर हलवायची होती. आणि जुन्या विंगेतला पडदेवाला तर विक्रेत्याच्या माणसाने आधीच काढून टाकला होता. म्हणजे मधले काही दिवस आपोआप बंद करणारं कोणीच नाही. ते काम हाताने करायचं, म्हणजे मी.

आता सर्व्हर रूमला खिडकी नाही. आतले दिवे युपीएसवर. बाहेर वीज गेली तरी आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. युपीएस ठेवला होता गेटजवळच्या खोलीत, रशीदभाई बसत तिथे. म्हणून मी रशीदभाईंना सांगून ठेवलं, लाईन गेली की लगेच मला फोन करा.

आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

दुसरीकडे, वजनकाट्याचं सोंग हलवायचं तर काटा थोडा वेळ बंद ठेवावा लागणार, आणि काट्यासमोर ट्रकांची रांग असताना तो बंद ठेवला तर ड्रायव्हर मंडळी माझ्या घरादाराचा उद्धार करणार. म्हणून मी गेटवरच्या मारोतभाऊंनाही सांगून ठेवलं, ट्रकची लाईन गेली की मला फोन करा, मग मी माझं काम उरकते.

मारोतभाऊ गेटवर टोकन देत. मोठे कामसू आणि शब्दाचे पक्के. फक्त त्यांच्या गालात सदा खर्रा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला आमच्या भागाचा राष्ट्रीय पदार्थ. खर्रा तोंडात असताना माणूस कमीत कमी शब्दांत बोलतो, कारण प्रत्येक शब्दाला धोका असतो.

तर महिनाअखेरची दुपार. हिशोब विभागात पगाराचं काम ऐन रंगात. माझा फोन वाजला. पलीकडून तीनच शब्द आले.

"मॅ'म, लाईन गेई."

आणि फोन ठेवला. थुंकायला गेले असतील.

मी विचार केला नाही. माझी बोटं कळफलकावर धावली. भामरागड, चामोर्शी, एटापल्ली, सगळे बंद करत सुटले. स्वतःवर खूश होते मी. किती शांतपणे करते आहे, असं मनात म्हणत होते. सिरोंचा मिटवून मी हात झटकते न झटकते तोच दार उघडलं आणि हिशोब विभागातली सगळी मंडळी आत आली. त्यांच्या मागे पंखा फिरत होता. ट्यूबलाईट लागलेली होती. कॉरिडॉरमध्ये कोणाचा तरी रेडिओ वाजत होता. मी उभ्या कारखान्याला भर उजेडात झोपवलं होतं.

त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ फक्त एवढंच म्हणाले, "काऊन बंद केलं बाई?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी गेटवर गेले. मारोतभाऊंनी आनंदाने मोकळ्या अंगणाकडे हात दाखवला. ट्रकांची लाईन गेली होती. एकही ट्रक नव्हता. माणसाने सांगितल्याप्रमाणे केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी घाटे साहेब दारात डोकं घालून म्हणाले, "लाईन गेली." मी पुन्हा हात कळफलकावर ठेवले आणि मग शहाणपणा करून विचारलं, कोणची साहेब? ते म्हणाले, हैदराबादची. म्हणजे हेड ऑफिसला जोडणारी इंटरनेटची लाईन. ती तर रोजच जायची.

मग मी तिघांना बोलावून बैठक घेतली. माझ्या नोकरीतली ही सर्वात महत्त्वाची तांत्रिक बैठक. विषय एकच, लाईन कशाला म्हणायचं. वीज गेली तर 'करंट गेला' म्हणायचं, हे रशीदभाईंनी मान्य केलं. इंटरनेट गेलं तर 'हैदराबाद गेलं'. ट्रकांना मी 'रांग' सुचवलं. मारोतभाऊंनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"रांग राशनच्या दुकानात रायते मॅडम. ट्रकाची लाईनच अस्ते."

त्यांना ते पटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचं म्हणणं पटलं. ठरलं, की लाईन हा शब्द फक्त ट्रकांचा. दुसऱ्या कोणी तो वापरायचा नाही. मारोतभाऊंना मी बजावून सांगितलं, तुम्हाला कोणीही विचारो, साहेब विचारो की साहेबाचा बाप, लाईन म्हणजे ट्रक. हे माझं सांगणं पुढे माझ्या अंगाशी आलं.

सगळी सोंगं नव्या स्टेजवर गेली. झाडी उभी राहिली. मूर्ती साहेबांचा दिवस आला. शुक्रवार होता आणि मे महिना. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही.

सकाळी मारोतभाऊंचा फोन आला, "हैदराबाद आला." मी म्हटलं बरं झालं, आणि पत्रं आली का पाहायला बसले. थोड्या वेळाने दारात एक बुटके, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ उभे. मागे घाटे साहेब, सुपारी कातरत.

मूर्ती साहेब कमी बोलणारे. सगळं डोळ्यांनी पाहणारे. मी त्यांना नव्या स्टेजची माहिती दिली, झाडीबद्दल सांगितलं, त्यांनी मान हलवली. संध्याकाळी बल्लारशाहून त्यांची रेल्वे होती. घाटे साहेब म्हणाले, आधी जेवण, मग चाचणी. रशीदभाईही नमाजला जाऊन आले की स्विच ओढतील. आम्ही कँटीनमध्ये गेलो. पंखा फिरत होता. वरण-भात, भेंडी, आणि खास साहेबांसाठी केलेलं, पण आंबटपणा न जमलेलं सांबार. मूर्ती साहेबांनी ते मुकाट्याने खाल्लं.

आम्ही खोलीवर परतलो. दिवे चालू, एसी चालू. आणि सगळी मशीनं काळीठिक्कर.

मूर्ती साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाटे साहेबांकडे पाहिलं. घाटे साहेबांची सुपारी संपली होती.

काय झालं होतं ते माझ्या लक्षात आलं. आम्ही जेवत असताना ऑफिसची वीज खरोखरच गेली होती. बराच वेळ. कँटीन कारखान्याच्या विजेवर, म्हणून आम्हाला कळलं नाही. झाडीने सगळ्यांना क्रमाने झोपवलं, स्वतः झोपली, आणि मग वीज परत आली. चाचणी झाली होती, पासही झाली होती, फक्त पाहायला कोणी नव्हतं. हे मी साहेबांना सांगितलं.

मूर्ती साहेब म्हणाले, "या फिर आप का सॉफ्टवेअर बिना कारण सब बंद कर दिया." त्यांनी कुठूनतरी महिनाअखेरची गोष्ट ऐकलेली असणार.

नोंद असते, मी म्हटलं. झाडी चालू केली की तिच्या पोटात सगळं लिहिलेलं सापडेल. ते म्हणाले, लिहिलेलं तर मीही लिहू शकतो, मला डोळ्यांनी दाखवा. पुन्हा चाचणी करा. तेवढ्यात रशीदभाई नमाजहून आले, येताना गेटजवळ युपीएसवर हात ठेवून पाहिला होता, त्यांनी सांगितलं, बॅटरी उपाशी आहे, थोडं खाऊ द्या, आता स्विच ओढला तर काही खरं नाही. आणि साहेबांना तर रेल्वे गाठायची. मग त्यांनी विचारलं, दुपारी इथे हजर असलेलं कोणी आहे का?

ऑफिसची सगळी मंडळी तेव्हा जेवायला कँटीनमध्ये होती, जागेवर एकच माणूस होता, मारोतभाऊ. घाटे साहेबांनी गेटवर फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. आणि मूर्ती साहेबांनी नेमका आमच्याचसारखा प्रश्न विचारला.

"दोपहर को लाईन गया था क्या?"

मारोतभाऊंनी आधी खर्रा थुंकला. माझं बजावणं आठवत असतील. मग स्वच्छ आवाजात सांगितलं, "नाई साब. लाईन गेलीच नाई. लाईन तं बढून राह्यली."

मूर्ती साहेबांनी फोन ठेवला. "देखो अम्मा," ते मला म्हणाले, "तुम मेहनती हो. पर ये सब हैदराबाद ले जाते हैं." अम्मा म्हणाले, म्हणून मला रडूही येईना. मी लाईन या शब्दाची हकिकत सांगायला तोंड उघडलं, आणि माझं मलाच कळलं, की हे कोणत्याही शहाण्या माणसाला सांगण्यासारखं नाही. साहेब बॅग उचलून गेले.

मी खोलीत एकटी बसले. मग म्हटलं, जायचं तर जाऊ, पण मशीनं झोपलेली टाकून नाही. बंद करायला माझ्याजवळ सॉफ्टवेअर होतं. चालू करायला नव्हतं. ते हातानेच, उलट्या क्रमाने, एकेकाला थोपटून उठवावं लागे. मी मोठं मशीन सुरू केलं आणि सिरोंचाला हाक मारली.

थोड्या वेळाने दार उघडलं. मूर्ती साहेब. घामाने भिजलेले, पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला.

"लाईन," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मारोतभाऊंची लाईन बढून राहिली होती ती खरोखरच. दुपारपासून चामोर्शी झोपलेली, म्हणजे काटा बंद, म्हणजे ट्रक अडलेले. कारखान्याच्या गेटपासून रस्त्याच्या वळणापर्यंत ट्रकच ट्रक, आणि त्यात साहेबांची पांढरी गाडी. पुढे जाता येईना, मागे येता येईना. एवढ्या उन्हात गाडीत बसवेना, म्हणून ते चालत परत आले होते, आणि ऑफिसच्या इमारतीत एसी फक्त माझ्या खोलीत.

"ट्रक को तुम लोग लाईन बोलते हो?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"करंट को क्या बोलते हो?"

"आधी लाईनच म्हणत होतो."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं हसतील. नाही हसले. हात पुढे करून म्हणाले, चालू करा, मी पाहतो.

मी एकेक सोंग उठवत गेले आणि ते पाहत गेले. चामोर्शी उठली, काटा सुरू झाला, ट्रक हलायला लागले. घाटे साहेबांनी चहा पाठवला. आणि आम्ही पहिला घोट घेतला तोच फोन वाजला. रशीदभाई.

"मॅडम, करंट गेला."

मी कधी वीज गेली म्हणून एवढी आनंदले नव्हते. आमच्या मुलखात माणसाने थोडा धीर धरून बसावं, वीज जाते म्हणजे जाते. बॅटरी अर्धपोटीच होती, त्यामुळे झाडीने जास्त वाट पाहिली नाही. पडद्यावर संदेश आला आणि मग नावं एकेक करून विझू लागली. भामरागड. चामोर्शी. एटापल्ली. कोरपना. सिरोंचाने नेहमीप्रमाणे वेळ घेतला. मी पुढे वाकले होते, आणि साहेबही, चहाचा कप हातातच.

"ये झाडी कौन है?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच साहेब."

झाडी गेली. मशीनचे दिवे गेले. खोलीत फक्त युपीएसवरचा एक बल्ब आणि आम्ही दोघं.

मूर्ती साहेबांनी कप ठेवला. त्यांनी मान हलवली, पण सकाळसारखी नाही. मग एकदम त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि ते ताडकन उठले. "अम्मा, काटा फिर बंद हो गया?"

हो, म्हटलं.

"मेरा गाडी?"

मी म्हटलं, लाईनीत.

आता ते हसले. अगदी पोट धरून. वीज परत येईपर्यंत हसत होते, आणि आली तेव्हा म्हणाले, जल्दी चालू करो, मेरा ट्रेन है. मी पुन्हा सिरोंचापासून सुरुवात केली. ते माझ्या मागे उभे राहून पाहत होते. मध्येच त्यांनी विचारलं, हे सगळं हैदराबादला नेलं आणि हैदराबादची लाईन गेली, तर इथला काटा कोण चालू करणार. प्रश्न ते स्वतःलाच विचारत होते. मी फक्त चामोर्शीला उठवायला जरा जास्त वेळ लावला. तेवढा मान मी त्या प्रश्नाला दिला.

खोली राहिली. पुढे पुष्कळ वर्षं राहिली. शेवटी गेली तीही, सगळ्यांच्याच जातात, आता तो काटा कुठल्या देशातल्या मशीनवर वजन करतो ते मारोतभाऊंना माहीत नाही आणि मलाही नाही. त्याचं कधी कधी वाईट वाटतं. पण तो उन्हाळा आमचा होता.

त्या संध्याकाळी घरी निघायच्या आधी गेटवरून फोन आला.

"मॅडम, लाईन गेली."

"कोणची?" मी विचारलं.

मारोतभाऊंनी नीट विचार केला. "ट्रकाची. साहेबाची गाडीबी त्यातच गेली."

रविवारी मी चामोर्शीला गेले. आईला सगळं सांगितलं. आता मला हात लावायची गरज नाही, लाईन गेली की सगळं आपोआप बंद होतं, झाडी करते. आई भाजी निवडत ऐकत होती. तिचा चेहरा उतरला.

"मंग तुले कायले ठेवलं?"

"चालू कराले माणूसच लागते, माय."

तिने थोडा वेळ विचार केला, आणि पुढच्या बाजारात सांगून टाकलं, की माझ्या पोरीने कंपनी पुन्हा चालू केली. त्या काकांचा मुलगा त्यानंतरच्या सोमवारी सकाळी अर्ज घेऊन गेटवर उभा होता. मारोतभाऊंनी त्याला लाईनीत लावलं.